ग्राफिक्स कार्डाची पूजा

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

आजपासून रोजनिशी. मागच्या वर्षी एक जानेवारीला सुरू केली होती, ती संक्रांतीपर्यंत टिकली. तेव्हा लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडणार आहे.

उज्ज्वला उद्या माहेरी चालली, इंझोरीला. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. धनत्रयोदशीला परत येणार. तोवर दुकान माझ्या ताब्यात. दुकानाचं नाव 'उज्ज्वला ग्राफिक्स' असलं तरी ती फक्त डिझाइन, ऑर्डरी, छपाई, हिशेब आणि गिऱ्हाईक एवढंच बघते. बाकीचं सगळं तांत्रिक माझ्याकडे. (माझा कॉम्प्युटर क्लास बंद पडला, कारण रिसोडची अजून तयारी नव्हती.)

संकल्प: ती परत यायच्या आत दुकानाच्या कॉम्प्युटरवरून विंडोज काढून लिनक्स टाकणे. आपल्याकडची विंडोज जुनी, तिची मुदत चौदा तारखेला संपते. लिनक्स मुक्त, फुकट, कुणाच्या बापाचं नाही. तिला सरप्राइज.

सकाळी दुकानात पूजा. उज्ज्वलानं नेहमीसारखी कॉम्प्युटरच्या डब्याला हळदकुंकवाची बोटं ओढली, मॉनिटरला झेंडूची माळ, प्रिंटरवर एक फूल. संपलं. मग ती आपट्याची पानं घेऊन शेजारी पदमचंद शेठकडे सोनं द्यायला गेली. मी विचार केला, लग्नपत्रिकेतला गणपती स्क्रीनवर दाखवतं ते आतलं ग्राफिक्स कार्ड, आणि आपण पूजा करतो बाहेरच्या पत्र्याची? झाकण उघडलं. कुंकू पाण्यात कालवून कार्डाला ठसठशीत बोटं लावली. हळद, अक्षता, आणि कार्डाच्या छोट्या पंख्यावर झेंडूच्या पाकळ्या. उदबत्ती ओवाळून झाकण बंद. एवढं मुळापासून काम आमच्या घरात दुसरं कुणी करत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

उज्ज्वलाला एसटीत बसवून दिलं. खिडकीतून सूचना चालूच. म्हणाली, "गुलाबसिंगभाऊ पत्रिकेचा कागद देऊन जातीन, तो फक्त ठेवून घ्या. पत्रिका मी आल्यावर करीन. दुकानातली दिवाळीची झाडझूड करून ठेवा. अन् डब्याले हात लावू नका." मी म्हटलं, हो हो. "सगळ्याची कॉपी काढून ठेवली हाय मी," असंही म्हणाली. कशाची, कुठे, हे विचारेपर्यंत गाडी निघाली. कॉपी आहे म्हटल्यावर चिंता नाही.

लिनक्स टाकायला एक पेन ड्राइव्ह लागतो. तिच्या ड्रॉवरमध्ये लाल रंगाचा एक पडलेला होता. आत बरंच काहीतरी होतं. पुसून त्यावर लिनक्स चढवलं.

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ११

ऐतिहासिक दिवस. स्क्रीनवर प्रश्न आला: विंडोजशेजारी लिनक्स ठेवायचं, की अख्खी डिस्क पुसून टाकायचं? भित्रा माणूस दोन्ही ठेवतो. मी पुसलं.

दुपारी १

झालं. काय देखणं दिसतं! शेजारचे पदमचंद शेठ चहा घेऊन आले. कापडाचं दुकान चालवतात, पण टेक्नॉलॉजीची ओढ आहे माणसाला. बराच वेळ बसले. म्हणाले, "उज्ज्वलाबाईले सांगतलं का?" मी म्हटलं, शेठ, सरप्राइज असतं ते सांगायचं नसतं. त्यांनी नुसती मान हलवली.

दुपारी १.३०

स्क्रीनवर उभे पट्टे आले, हिरवे आणि जांभळे. मग काळोख. बंद करून चालू केलं. पुन्हा देखणं, पुन्हा पट्टे, पुन्हा काळोख. सुरुवातीला असं होतं. ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचा, प्रश्न दिसतो. सोमवारी मिटवतो.

६ ऑक्टोबर, सोमवार

कार्डाचा जुना ड्रायव्हर काढला, नवा टाकला. आता क्रॅश होत नाही. आता सुरूच होत नाही. पासवर्ड विचारतो, मी देतो, स्क्रीन एकदा काळी होते आणि पुन्हा पासवर्ड विचारतो. दिवसभर हेच. शेवटी शेवटी मी पासवर्ड मोठ्यानं म्हणत टाकत होतो, त्याला ऐकू येत नसेल तर यावं म्हणून.

पदमचंद शेठ चहा घेऊन आले, त्यांनाही पासवर्ड कळला. बदलला पाहिजे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सगळं पुसून लिनक्स परत टाकलं. पुन्हा पहिल्यासारखं झालं: थोडा वेळ छान, मग पट्टे. प्रगती आहे, कारण आता आजार ओळखीचा आहे.

झाडझूड उद्या.

८ ऑक्टोबर, बुधवार

गुलाबसिंग राठोड आले. रिसोडजवळच्या बंजारा तांड्यावरचे. मुलीचं, पौर्णिमाचं लग्न तेवीस नोव्हेंबरला. नावांचा कागद आणला. उज्ज्वलाच्या सूचनेप्रमाणे मी तो फक्त ठेवून घेणार होतो, पण त्यांनी घाईचं कारण सांगितलं. त्यांचे दोघे भाऊ, रूपला आणि बादल, ऊसतोडीला चालले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तांड्यावरून ट्रक निघतो. गेले की फाल्गुनापर्यंत येत नाहीत.

म्हणाले, "तोंडी सांगतलं तं मुकादम सोडत नाई, भाऊ. रोजच कोनाचं ना कोनाचं लगन निंगते, म्हन्ते. छापेल पत्रिका दाखोली तं दोन दिस सोडते. दोघाईच्या खिशात एक एक पत्रिका पाह्यजे. काकाबिगर पोरगी उजवू का मी?"

मी विचार केला. उज्ज्वला येणार अठराला, मग डिझाइन, मग छपाई, त्यात दिवाळी. इथे तांत्रिक माणूस बसलेला असताना त्या माणसानं का ताटकळावं? मी म्हटलं, उद्या या, स्क्रीनवर पत्रिका दाखवतो. हातात हात घेऊन म्हणाले, "तुमच्या भरोशावर हाय मंग." बरं वाटलं. असं मला फार कमी लोक म्हणतात.

९ ऑक्टोबर, गुरुवार

लिनक्समध्ये पत्रिका करायला घेतली. गणपती बसवला, सेवालाल महाराजांचा फोटो बसवला, खाली 'चि. सौ. कां. पौर्णि' इथपर्यंत आलो. गुलाबसिंग मागे उभे राहून बघत होते, बायकोलाही फोनवरून सांगत होते की नाव आलं, नाव आलं. तेवढ्यात पट्टे. काळोख.

त्यांनी फोनवर सांगितलं, "नाव गेलं."

मी म्हटलं, सेव्ह आहे. सेव्ह नव्हतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

लिनक्सचा एक फायदा असा की आतली सगळी नोंद वाचता येते. नोंदीत लिहिलंय की ग्राफिक्स कार्ड बसवरून पडलं. पदमचंद शेठना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं की कोणत्या डेपोची. बस म्हणजे मशीनमधली जोडणी, हे अशा माणसाला काय समजावणार! पण येतात रोज बिचारे. मला एकटं वाटू नये म्हणून येत असावेत.

इंटरनेटवर लिनक्सवाल्यांचा एक फोरम आहे, तिथे इंग्रजीत सविस्तर प्रश्न टाकला. सुरुवातीला स्वतःची ओळख, क्लासचा इतिहास, मग मुद्दा.

११ ऑक्टोबर, शनिवार

फोरमवर एकाचं उत्तर आलं. एकच ओळ: कार्ड तापतंय का, पंखा फिरतो का, डबा उघडून साफ केला का?

अपमान. मी ड्रायव्हर आणि लिनक्सच्या गाभ्याबद्दल, कर्नलबद्दल बोलतोय, आणि हा मला झाडू मारायला सांगतोय. हार्डवेअरची काळजी मला शिकवू नये. त्याची मी पूजा केलेली आहे. असं इंग्रजीत लिहिलं. त्यावर त्यानं नुसतं एक प्रश्नचिन्ह टाकलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

एक युक्ती सापडली. सुरू करताना एक शब्द टाकला की लिनक्स कार्डाला विचारतच नाही, साध्या पद्धतीनं चालतं. टाकला. चाललं! सकाळपासून दुपारपर्यंत एकही पट्टा नाही. फक्त सगळं अवाढव्य दिसतं. पत्रिकेचा एक कोपरा धरला की स्क्रीन भरते.

यात पत्रिका झाली असती. हळूहळू, कोपरा कोपरा करून झाली असती. पण मनाला पटेना. कार्ड असताना कार्डाशिवाय जगायचं? उज्ज्वला येऊन बघणार ती ही लंगडी सिस्टीम? तो शब्द काढून टाकला.

पट्टे.

तो शब्द नेमका काय होता ते लिहून ठेवायला हवं होतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

उज्ज्वलाचा फोन. सासूबाईंची पट्टी निघाली, पहिल्यांदा त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. मला विचारलं की झाडझूड झाली का. म्हटलं, मोठं काम हातात आहे, त्यानंतर. "कोनतं मोठं काम?" म्हटलं, आल्यावर कळेल. मग म्हणाली, "डब्याले हात लावला का तुमी?" मी म्हटलं, आवाज तुटून राह्यला. आणि फोन ठेवला.

खोटं बोललो असं नाही. आवाज माझ्याकडूनच तुटत होता.

झाकण उघडून बघितलं. दसऱ्याची पूजा जशीच्या तशी, कुंकू वाळून कार्डाला घट्ट बसलंय. बघून समाधान वाटलं. पंख्यातल्या पाकळ्या मात्र कोमेजल्या होत्या, म्हणून वरून दोन ताज्या टाकल्या. उदबत्तीचा अंगाराही लावला. श्रद्धा कमी पडली असं नको व्हायला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज जुन्या विंडोजची मुदत संपली. जगभर लोक आज विचार करत असतील की आता कुठे जायचं. मी आधीच बाहेर पडलेला आहे. बाहेर पडलो हे खरं. आत कुठे शिरता येत नाही एवढंच.

आज पट्टेसुद्धा आले नाहीत. सुरू केलं की सरळ काळोख, आणि वर डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकते. ती रेघ मी काहीतरी लिहीन म्हणून वाट बघते. मी ती काहीतरी दाखवील म्हणून वाट बघतो.

गुलाबसिंग येऊन गेले. म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय. म्हणाले, "नुस्तं नाव दाखोवा ना एक डाव." म्हटलं, आज नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी लवकर दुकान गाठलं. शटर उघडून आत गेलो आणि आतून खाली ओढून घेतलं, एकाग्रता व्हावी म्हणून. थोड्या वेळानं बाहेरच्या बाकावर कुणीतरी बसल्याचा आवाज आला. फटीतून बघितलं तर गुलाबसिंग यांच्या वहाणा.

मी हललो नाही. दुकान बंद बघून जातील म्हटलं. ते गेले नाहीत. पिशवीतून भाकर काढून खाल्ली, ठेच्याचा वास आत आला. मी सकाळी चहावर निघालेलो. त्यांनी पाणी प्यायलं, मलाही तहान लागली. बाटली काउंटरवर होती, पण उठलो असतो तर खुर्ची कुरकुरली असती. दिवा लावता येत नव्हता, फटीतून दिसला असता. मॉनिटर तेवढा चालू होता. त्याचा काही उजेड पडत नव्हता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पदमचंद शेठ. ते शेजारच्या दुकानातून करत होते, त्यामुळे मला त्यांचा आवाज फोनआधी भिंतीतून आला. मी फोन बंद करायला गेलो, तो हातातून पडला, आणि टेबलाखाली जाऊन वाजत राहिला.

बाहेरून गुलाबसिंग शांतपणे म्हणाले, "नंदूभाऊ, फोन उचला."

मी टेबलाखाली वाकून फोन बंद केला.

मग म्हणाले, "मी काई भांडाले नाई आलो. काम झालं नसन तं तसं सांगा. दुसरीकडं जाईन. वाशिमले जाईन. पन काहून नाई सांगत तुमी? माह्या भावाईचा ट्रक थांबनार हाय का तुमच्यासाठी?"

एवढंच म्हणता आलं असतं की नाही झालं, दुसरीकडे करून घ्या. तोंडातून निघालं, "शनिवारी नक्की." शटरच्या आतून.

ते उठून गेले. मी त्यानंतरही बराच वेळ शटर वर केलं नाही. मला भूकही राहिली नव्हती.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज खरं लिहितो. मला भीती वाटते आहे. उज्ज्वला येईल, कॉम्प्युटर उघडेल, ओरडणार नाही. ती ओरडत नाही. क्लास बंद झाला तेव्हाही ओरडली नाही. क्लासचं हेच मशीन उचलून आणलं आणि पत्रिका करायला बसली. क्लासची पाटी काढायला तेवढं मला सांगितलं होतं.

आणि ते दोघे भाऊ उसाच्या फडात असतील आणि इकडे पौर्णिमाचं लग्न लागेल. मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही. तिचं अर्धं नाव तेवढं माझ्या हातून लिहून झालंय.

दुकान उघडलं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी

निर्णय: कॉम्प्युटरचा नाद सोडला. उद्या ती येते, निदान झाडझूड तरी दिसू दे. फडके, केरसुणी, जुना रंगाचा ब्रश. भिंती, जाळी, कपाट. टेबल. मग डबा. म्हटलं आलोच आहे तर आतूनही पुसून घेऊ, दसरा होऊन गेला, पूजा उतरवायला हरकत नाही. कार्ड काढलं. कुंकवाचा वाळलेला थर खरवडून निघाला. पंख्यात पाकळ्यांचा लगदा, मध्ये तांदळाचा दाणा अडकलेला. बोटानं फिरवला तर पंखा फिरेना. दाणा काढला, मग फिरला. अंगारा सगळीकडे. ब्रशनं साफ करून कार्ड जागेवर बसवलं.

दुपारी

शेवटचं एकदा म्हणून बटण दाबलं.

चालू. पट्टा नाही. काळोख नाही. जेवून आलो, तरी चालू. एकदम चार खिडक्या उघडल्या, पत्रिका मोठी केली, छोटी केली, गणपती गरगर फिरवला. चालू!

मी रडलो. शेठ बघून गेले असावेत, कारण चहा काउंटरवर ठेवलेला होता आणि ते नव्हते.

कारण शोधून काढलं आहे. सात तारखेला मी लिनक्स परत टाकलं, त्यातल्या ड्रायव्हरला बसायला थोडा वेळ लागतो. फोरमवर लिहिलं, सगळ्यांच्या माहितीसाठी.

सायंकाळी

आता उज्ज्वलाची जुनी डिझाइनं परत आणायची, की संपलं. तिची बॉर्डरं, तिचे गणपती, तिनं एकेक जोडून केलेली सात वर्षांची अक्षरं. 'कॉपी काढून ठेवली हाय' म्हणाली होती. कपाट बघितलं, गल्ला बघितला. ड्रॉवरमध्ये पेन ड्राइव्ह एकच, लाल. उलटा केला. मागे तिच्या अक्षरात चिकटपट्टी: पत्रिका, सगळ्या.

मशीन पाण्यासारखं चालू आहे. उघडायला आत काही नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी. सकाळी

भाषण तयार केलं आहे. मुद्दे: एक, जुन्या गोष्टींत अडकू नये. दोन, कोरी पाटी ही संधी असते. तीन आठवत नाही.

सायंकाळी

आली. पिशवी ठेवली, दुकान बघितलं, भिंती बघितल्या, म्हणाली, "झाडझूड झाली म्हना." मग खुर्चीवर बसली आणि कॉम्प्युटर सुरू केला. मी भाषण सुरू केलं. पहिल्या मुद्द्यावरच तिनं हात वर केला. हे काय आहे ते बघितलं, फोल्डर शोधला, तो नव्हता. ड्रॉवर उघडून लाल पेन ड्राइव्ह बघितला, लावला, काढला. मी दाराकडे सरकत होतो. बाहेर गुलाबसिंग येऊन उभे. त्यामुळे बाहेरही जाता येईना, आतही थांबता येईना.

ती उठली आणि शेजारी पदमचंद शेठकडे गेली.

शेठनी तिजोरी उघडली. त्यांच्या तिजोरीत गल्लीतल्या अर्ध्या बायकांचं सोनं असतं. गावाला जाताना ठेवून जातात, आल्यावर घेऊन जातात. वर चिठ्ठी नाही, पावती नाही. त्यातून त्यांनी रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं. रुमालात तिची दोन तोळ्यांची पोत आणि तिच्याखाली एक हार्ड डिस्क.

सगळं होतं त्यात. सात वर्षांचं.

शेठ म्हणाले, "संभाळून घ्या, बाई. माही ड्यूटी सरली. रोज चहा घेऊन जात होतो मी, पन हा मानूस ऐकते कोनाचं?"

मी म्हटलं, म्हणजे या वेळी तुला शंका आली होती. उज्ज्वला म्हणाली, "या टायमाले नाई. माहेरी गेली की दर टायमाले ठेवतो मी. क्लास बंद झाला तवापासून." रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती रुमालाची गाठ सोडत होती आणि सहज म्हणाली.

सात वर्षं मला वाटत होतं की ती माहेरी गेली की दुकान मी सांभाळतो.

मग तिनं डिस्क लावली. लिनक्सवर सगळं उघडलं, एकूण एक. ती थोडा वेळ माउस फिरवत राहिली. म्हणाली, "चालते. बरं हाय हे." एवढंच. पण म्हणाली.

गुलाबसिंगना बसायला सांगितलं. मला म्हणाली, "तो कागद घ्या अन् नावं वाचा. हळू वाचा, मी टाईप करतो."

१९ ऑक्टोबर, रविवार

काल रात्री जेवायच्या आधीच पत्रिका झाली. मी नावं वाचली. काका: रूपला, बादल. एकही चुकलं नाही. गुलाबसिंग स्क्रीनकडे बघत बसले होते. 'पौर्णिमा' पूर्ण आलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही. मी पट्ट्यांची वाट बघत होतो. ते आले नाहीत.

आज छपाई. पहिल्या दोन पत्रिका त्यांनी ओल्याच मागून घेतल्या, खिशात न ठेवता दोन बोटांत धरून जीपकडे गेले. जाताना मला म्हणाले, "नावं चांगले वाचता तुमी." त्यांच्या मनात काही नसावं.

पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते. मी सुचवणार होतो की 'तांत्रिक साहाय्य' असं काही घालावं. उज्ज्वलानं 'उज्ज्वला ग्राफिक्स, रिसोड' लिहिलं आणि प्रिंट दिली.

फोरमवरच्या त्या माणसानं विचारलंय: पंखा साफ केला होता का? उत्तर दिलेलं नाही. प्रत्येकाला उत्तर देत बसायला वेळ कुठे आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

दुकानात पूजा झाली. मशीन चालू होतं, झाकण बंद होतं. झाकणाचे चारही स्क्रू उज्ज्वलानं सकाळीच आवळून घेतले होते. पूजेचं ताट तिच्याकडे होतं. कुंकू तिनं बाहेरून लावलं, एक बोट.

मला घंटी दिली होती. मी वाजवली. चांगली वाजवली, असं शेठ म्हणाले.